एकाच घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आणि येणारं बाळ: तयारी कशी करावी?

सायलीवेल
आई किंवा वडील अंथरुणाला खिळलेले, आणि त्याच घरातली लेक किंवा सून पाच-सहा महिन्यांची गर्भार. अशा घरांतले प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेत. रुग्णसेवेच्या धाग्यावर गर्भारपणाचा विचार नसतो, बाळंतपणाच्या धाग्यावर रुग्णाचा. म्हणून हा धागा.

कर्करोगाचा शेवटचा टप्पा असो, पक्षाघात असो की पार्किन्सन. नाकातली नळी, लघवीची पिशवी, ऑक्सिजन यांपैकी काही ना काही घरी आहे असं धरून लिहावं. तिने कोणत्या कामांना हात लावायचा नाही? बाळंतपणाच्या दिवशी रुग्णाजवळ काय व्यवस्था हवी? बाळ घरी आल्यावर खोल्या आणि माणसं कशी लावायची? अनुभवांसाठी वेगळा धागा आहे, इथे कृपया नेमकी माहिती द्या.

रातराणी
आधी कॅलेंडरवर एका तारखेला खूण करा: ३४ आठवडे पूर्ण होतात तो दिवस. त्या दिवसापासून रुग्णाचं चोवीस तासांचं सगळं तिच्याशिवाय चाललं पाहिजे. कळा दिलेल्या तारखेची वाट पाहत नाहीत, आणि नवीन माणूस तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे अटेंडंट शोधायला सुरुवात २८-३० व्या आठवड्यातच.

बहुतेक घरांत चूक एकच होते. उचलण्याचं काम तिच्याकडून काढून घेतात, पण "औषधांचं तीच बघते" हे शेवटपर्यंत तसंच राहतं. मग ती रात्री दोनला दवाखान्यात निघते आणि मागे कुणालाच ठाऊक नसतं की झटक्याची गोळी किती वाजता, कशात मिसळून द्यायची. डोक्यातलं सगळं कागदावर उतरवा आणि तो कागद पलंगाजवळच्या भिंतीवर चिकटवा.

आता उचलण्याबद्दल. अंथरुणावरच्या माणसाला वर सरकवणं, कूस बदलणं, कमोडवर बसवणं हे तिने एकटीने कोणत्याच महिन्यात करू नये, आणि पोट दिसायला लागल्यावर दुसऱ्याच्या मदतीनेही नको. गर्भारपणात सांध्यांचे बंध सैल होतात, तोल पुढे जातो. रुग्णाने घाबरून गळ्याला किंवा हाताला मिठी मारली की झटका थेट कंबरेला आणि पोटाला बसतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण हात-पाय झाडत असेल तर अंगपुसणीही दुसऱ्याने करावी.

दोन माणसांनी कूस बदलायची रीत अशी:
पलंगाची चाकं लॉक करा, डोक्याकडची बाजू सपाट करा (नळीतून फीड दिला असेल तर निदान अर्धा तास जाऊ द्या). लघवीची पिशवी ज्या बाजूला वळवणार त्या बाजूला आधीच न्या. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी दुहेरी घडीची आडवी चादर रुग्णाखाली कायम अंथरलेली असावी. दोघांनी दोन्ही कडा अंगाजवळ गुंडाळून धरायच्या, एक-दोन-तीन म्हणून एकदम सरकवायचं. काखेत हात घालून कधीही ओढू नका, पक्षाघाताच्या बाजूचा खांदा निखळतो. कुशीवर पूर्ण ९० अंशांत नको, पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश पुरे. पूर्ण कुशीवर झोपवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पोटरीखाली उशी अशी द्या की टाचा अधांतरी राहतील. दर दोन तासांनी हे करायचं आणि वेळ लिहून ठेवायची.

पलंग कामाच्या वेळी कमरेच्या उंचीला हवा. साधा दिवाण गुडघ्याएवढा असतो, त्यावर वाकून सेवा करणाऱ्या प्रत्येकाची पाठ जाते. उंची बदलणारा फाउलर बेड भाड्याने मिळतो.

पिंपळपान
उत्तम प्रतिसाद. एक भर: एअरबेड आणला म्हणजे कूस बदलायची गरज नाही असा समज फार आहे. गरज आहेच. बेडमध्ये हवा पुरेशी आहे का ते असं पाहा: रुग्णाच्या माकडहाडाच्या बरोबर खाली, एअरबेडच्या खालून तळवा सरकवा. अंग आणि तळवा यांच्यात निदान एक इंच हवा जाणवली पाहिजे. हाड लागत असेल तर पंपाचं प्रेशर वाढवा. वर एकच सुती चादर. प्लॅस्टिक, जाड गोधडी, तीन-तीन पॅड घातले की बेड असून नसल्यासारखा होतो. रबरी चकती तर अजिबात नको, तिच्या कडेवर दाब येऊन आतल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो.

रोज पाठ पाहताना लाल भाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर ती शय्याव्रणाची (बेडसोरची) पहिली पायरी. त्या भागावर भार टाकणं ताबडतोब बंद, आणि मालीश करू नका, आतले पेशीजाल तुटतात.

औषधी_डबी
मी औषधांबद्दल सविस्तर लिहिते, कारण गर्भार बाईच्या बाबतीत सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच.

नाकात नळी असली की गोळ्या कुटून द्याव्या लागतात आणि हे "हलकं काम" म्हणून हटकून तिच्याकडे येतं. घरातल्या वडील माणसाला प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल, तर कुटलेली गोळी किंवा फुटलेली कॅप्सूल गर्भार बाईने हाताळायची नाही. हे औषध त्वचेतून शोषलं जाऊ शकतं आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका असतो. संधिवाताच्या मेथोट्रेक्सेटचंही तसंच. ते मुळात गर्भाला घातक. केमोच्या सगळ्या गोळ्या याच गटात धरा. खलबत्ता वेगळा, हातमोजे, मास्क, आणि काम दुसऱ्याचं. सगळ्या औषधांची यादी एकदा तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.

शिरेतून किंवा गोळीने केमो चालू असेल तर रुग्णाची लघवी, शौच, उलटी आणि घामाने भिजलेले कपडे यांत औषधाचा अंश उतरतो. साधारण ४८ तास, काही औषधांत सात दिवसांपर्यंत. या काळात डायपर, बेडपॅन, उलटीचं भांडं तिने हाताळू नये. इतरांनी मोज्यांच्या दोन जोड्या घालाव्यात, झाकण बंद करून दोनदा फ्लश करावं, कपडे वेगळे आणि दोनदा धुवावेत. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं असेल तर रुग्णापासून किती दिवस, किती अंतर ठेवायचं हे न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लिहून देतो. "घरात गर्भवती आहे" हे डोस देण्याआधी सांगा. बाहेरून दिलेल्या रेडिएशनचा असा त्रास नाही. तो रुग्ण घरी आल्यावर त्याच्या अंगातून किरण निघत नाहीत, त्यामुळे त्याला उगाच वेगळं बसवू नका.

वेदनेसाठी फेंटानिलचा पॅच असेल तर तो दर ७२ तासांनी बदलतात. काढलेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत येईल असा दुमडा आणि पोरांच्या हाती लागणार नाही अशी विल्हेवाट लावा. मोठं भावंड घरात असेल तर हा मुद्दा जिवावरचा आहे. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध एकदम अंगात उतरतं.

शेवंती
मॉर्फिनबद्दलही लिहा ना कुणीतरी. घरचे घाबरतात आणि रुग्ण विव्हळत राहतो.

औषधी_डबी
@शेवंती, हो. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर योग्य उपचार आहे. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालंय. साधी गोळी बहुतेकदा दर चार तासांनी असते. दुखलं की दिली असं न करता घड्याळाप्रमाणे द्यायची. मॉर्फिन सुरू झालं त्याच दिवशी शौचाचं औषध सुरू झालं पाहिजे, कारण बद्धकोष्ठ जवळजवळ प्रत्येकाला होतं आणि सवयीने जात नाही. तीन दिवस शौच नाही आणि मग पाण्यासारखी गळती सुरू झाली, तर जुलाब समजून जुलाबबंदची गोळी देऊ नका. आत खडा अडकून बाजूने पाणी झिरपत असण्याची शक्यता जास्त. झोप फार लागणं, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना फोन.

पुण्यात वारज्याचं सिप्ला फाउंडेशनचं उपशामक (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचं) केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देतं. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, गोव्यात त्यांचं केंद्र लोटलीला. टाटा मेमोरियलचा उपशामक विभाग आपल्या रुग्णांकडे घरभेटीही करतो. नाव आधी नोंदवून ठेवा. बाळंतपणाच्या आठवड्यात रुग्णाला थोडे दिवस दाखल करायची वेळ आली तर ऐनवेळी धावाधाव नको.

कोकणकडा
नाकातल्या नळीबद्दल. नळी जागेवर आहे का बघायला सिरिंजने हवा सोडून पोटावर कान लावतात, तसं करावं.

रातराणी
@कोकणकडा, तो प्रकार भरवशाचा नाही. नळी फुफ्फुसात असली तरी आवाज ऐकू येऊ शकतो. नाकपुडीपाशी नळीवर मार्करने खूण करा, प्रत्येक फीडआधी खूण तिथेच आहे का पाहा, मग सिरिंजने थोडा रस ओढून पीएच पट्टीवर तपासा. ५.५ किंवा त्याखाली असेल तर नळी जठरात. खूण सरकली असेल, खोकला थांबत नसेल किंवा आवाज घरघरत असेल तर फीड देऊ नका. नळी बाहेर आली तर घरी परत घालायची नाही.

फीड एका वेळी २०० ते २५० मिली, वेळा आहारतज्ज्ञ ठरवतील. डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उंच, फीड संपल्यावरही अर्धा ते एक तास तशीच. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती हातभर उंच धरा, फीड आपोआप उतरू द्या, १५-२० मिनिटं लागली तर लागू द्या. दट्ट्याने ढकललं की उलटी, आणि उलटी श्वासनलिकेत गेली की न्यूमोनिया. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. प्रत्येक गोळी वेगळी विरघळवून द्या, फीडमध्ये मिसळली की नळी तुंबते. आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या आणि हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटायच्या नाहीत, डॉक्टरांकडून पर्याय मागून घ्या. मिक्सरमधून काढून दोनदा गाळलेली पेज बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

वर सांगितलेल्या धोक्याच्या गोळ्या सोडल्या तर हे सगळं गर्भार बाई बसून करू शकते. पण रात्री अकरा आणि पहाटे पाचचा फीड तिच्यावर टाकू नका. तिला सलग सहा तास झोप मिळेल अशी रात्रीची पाळी दुसऱ्याची लावा.

सायलीवेल
संसर्गाबद्दल कुणी लिहील का? आणि लघवीच्या पिशवीबद्दलही.

पिंपळपान
पिशवी आधी. ती कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला टेकलेली नको. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. नळी मांडीला पट्टीने बांधा, नाहीतर कूस बदलताना ओढली जाते. चार तास थेंब नाही आणि ओटीपोट टणक लागतंय, तर आधी नळी कुठे मुडपली आहे का पाहा, मग डॉक्टर किंवा नर्स. साधा लॅटेक्सचा कॅथेटर (लघवीची नळी) दोन ते चार आठवड्यांत बदलतात, सिलिकॉनचा बारा आठवड्यांपर्यंत चालतो. पुढची बदलायची तारीख बाळंतपणाच्या तारखेजवळ येत असेल तर आधीच बदलून मोकळे व्हा.

संसर्गात तीन गोष्टी नीट बघा. पहिली नागीण. म्हाताऱ्या, अशक्त माणसाला नागीण उठते, तिच्यातला विषाणू कांजिण्यांचाच. गर्भार बाईला लहानपणी कांजिण्या झाल्या असतील तर चिंता नाही. झाल्या नसतील किंवा आठवत नसेल तर रक्तात प्रतिपिंडं आहेत का याची तपासणी आत्ताच करून घ्या. प्रतिपिंडं नाहीत आणि संपर्क आला, तर दहा दिवसांच्या आत विशेष इंजेक्शन देता येतं, त्यामुळे फोड दिसले त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकलेले हवेत आणि तिने जखमेला हात लावू नये.

दुसरी क्षयरोग. रुग्णाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर बाळ यायच्या आधी थुंकी तपासा, "म्हातारपणाचा खोकला" म्हणून सोडू नका.

तिसरी डांग्या खोकला आणि फ्लू. तिला २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान टीडॅप लस देता येते. सरकारी दवाखान्यात टीडीचे डोस मिळतात, त्यात धनुर्वात आणि घटसर्प आहे पण डांग्या खोकला नाही, म्हणून वेगळं विचारा. फ्लूची लस तिलाही, रुग्णालाही, अटेंडंटलाही.

मधला_मजला
ऑक्सिजन असलेल्या घरांसाठी.

कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) भिंतीपासून फूटभर लांब, मागची जाळी मोकळी. फिल्टर आठवड्याला धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. बाटलीतलं पाणी डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं, रोज बदला. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉट खातं. घरात १२ व्होल्ट, १५० एएचची एक बॅटरी असेल तर हिशोबाने १८०० वॉट-तास, पण प्रत्यक्षात त्यातले ११००-१२०० हाती लागतात, म्हणजे यंत्र तीन-साडेतीन तास. त्यावर पंखे, एअरबेडचा पंप असेल तर आणखी कमी. म्हणून बी टाइपचा सिलिंडर जवळ हवाच. त्यात साधारण १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास. पाना सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेवा, अंधारात तोच सापडत नाही.

आता बाळंतपणाशी गाठ पडते ती इथे. बाळंतिणीच्या शेकासाठी शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, बाळाच्या अंगाला धूप. ऑक्सिजन चालू असलेल्या घरात हे पूर्ण बंद. ज्योत किंवा निखारा ऑक्सिजनपासून निदान दहा फूट लांब हवा, आणि ऑक्सिजन मुरलेली चादर ठिणगीने भडकते. देवघर त्याच खोलीत असेल तर निरांजन, कापूरही दुसरीकडे. रुग्णाच्या नाकाला व्हॅसलिन किंवा बाम लावू नका, पाण्यात मिसळणारं मलम मिळतं. शिवाय बंद खोलीतल्या कोळशाचा धूर बाळालाही घातक आहे आणि दमेकरी आजोबांनाही.

जास्वंद
@मधला_मजला, शेक हवाच असं आजीचं म्हणणं असतं, तिला दुखवून कसं चालेल?

मधला_मजला
गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्यायला हरकत नाही, पिशवी टॉवेलात गुंडाळून. टाक्यांवर आणि सिझेरियनच्या जखमेवर मात्र नको. आजींना कारण ऑक्सिजनचं सांगा, पटतं.

गुलबक्षी
बरीच मंडळी सुचवतात की सातव्या महिन्यात तिला माहेरी पाठवा. आजारी माणूस सासरी असेल तर सोपं आहे. पण आजारी आईच माहेरी असते तेव्हा काय? तिथे लेक स्वतः हट्टाने राहते आणि कुणाचं ऐकत नाही. मला वाटतं तिला दूर लोटू नये. बसून करायची कामं तिच्याकडेच असू द्या: तोंड स्वच्छ करणं, केस विंचरणं, मऊ भात भरवणं, औषधांची वही, डॉक्टरांचे फोन. तोंडासाठी ओला गॉज बोटाला गुंडाळून दिवसातून चार वेळा. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर बुरशी असते, डॉक्टरांना सांगा. भरवताना रुग्ण सरळ बसलेला, हनुवटी छातीकडे झुकलेली, अर्धा चमचा घास, गिळल्याची खात्री करून पुढचा. पाण्याने ठसका लागत असेल तर दाटसर पदार्थ जास्त सुरक्षित.

आणि तिचं स्वतःचं? डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्या-हातांवर सूज, अंगावरून जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, हे "दगदगीमुळे असेल" म्हणून अंगावर काढतात. घरात रुग्णासाठी बीपीचं मशीन असतंच. तिचंही आठवड्यातून दोनदा मोजा. १४०/९० किंवा वर गेलं तर त्याच दिवशी दवाखाना.

दप्तरखाना
कागदपत्रांचं मी लिहितो. हे ३२ व्या आठवड्याआधी उरका.

रुग्णाला सही करता येत नसेल तरी बँकेतून पैसे काढता येतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अंगठा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत अर्ज देऊन अधिकाऱ्याला घरी बोलवा. मुखत्यारपत्रावर विसंबू नका; साधं मुखत्यारपत्र माणसाची समज गेली की कायद्याने संपतं. निवृत्तिवेतन असेल तर हयातीचा दाखला घरबसल्या मोबाईलवर चेहरा दाखवून करता येतो. मुदत नोव्हेंबरात येते, तारीख जवळ असेल तर आधी डोक्यात ठेवा.

रुग्ण शुद्धीत असेल आणि व्हेंटिलेटर, अतिदक्षता विभाग याबद्दल त्याचं मत ठाम असेल, तर ते लेखी घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हा मार्ग मान्य केला आणि २०२३ मध्ये सोपा केला: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. मुलगा प्रसूतिगृहात असताना रुग्णाला रुग्णवाहिकेत घालायचं की नाही, हा निर्णय शेजाऱ्यावर पडू नये.

तिच्या नोकरीत २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे (पहिल्या दोन मुलांसाठी, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं). त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. रुग्णसेवेसाठी ते आठही आधी खर्चू नका, बाळाच्या वाट्याचे कमी होतात. सिझेरियनच्या संमतीपत्रावर सज्ञान बाईची स्वतःची सही पुरेशी आहे. नवरा वडिलांजवळ अडकला म्हणून उपचार थांबायला नकोत, हे नाव नोंदवतानाच बोलून ठेवा.

शेवंती
विचारायला जड जातं, पण दोन्ही एकाच वेळी घडलं तर?

दप्तरखाना
विचारलंत ते बरं केलंत. घरी मृत्यू अपेक्षित असेल तर नेहमी पाहणाऱ्या डॉक्टरांशी आधीच बोला, ते रात्री येऊन नमुना ४अ मध्ये कारणाचा दाखला देतील का, आणि ते गावाला गेले तर कोण देईल. अंत्यसंस्काराच्या वेळी तो कागद लागतो. जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद २१ दिवसांत. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी जन्माची नोंद करून टाका, नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. सुतक आणि सोयर एकत्र आलं तर घरातले वडीलधारे आपल्या रीतीने ठरवतील, पण सुतक आहे म्हणून बाळाचं अंगावरचं दूध, लसी किंवा बाळंतिणीचं पौष्टिक जेवण एक वेळही चुकू देऊ नका.

रातराणी
बाळ घरी आल्यानंतरचं राहिलं होतं.

खोल्या दोन असतील तर रुग्णाची आणि बाळाची वेगळी. एकच असेल तर मध्ये पडदा, बाळ खिडकीच्या बाजूला, डायपरची बादली झाकणाची. रुग्णाला हाताळणाऱ्या अटेंडंटने बाळाला घेऊ नये. त्यासाठी वेगळं माणूस. घेणं भागच पडलं तर ॲप्रन बदलून, कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन. शय्याव्रणाचं ड्रेसिंग आणि बाळाची मालीश एकाच माणसाकडे नको. सुया फक्त झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात.

आजी-आजोबांच्या कुशीत बाळ ठेवायला हरकत नाही, मुद्दाम ठेवा. ताप, खोकला, उघडी जखम, नागीण नसेल आणि केमोचे ते दिवस उलटले असतील तर बाळाला स्वच्छ दुपट्यात गुंडाळून रुग्णाच्या हाताला उशीचा आधार द्या आणि दुसऱ्याने बाळ धरून ठेवा. रुग्णाने बाळाची पापी मात्र घेऊ नये. हे बोलून दाखवायला संकोच वाटतो, म्हणून बाळ यायच्या आधीच सांगून ठेवा.

आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरात गंभीर रुग्ण आहे हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. बाळ दूध ओढत नसेल, अंग गरम किंवा गार लागत असेल, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेत असेल तर थांबायचं नाही.

सायलीवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. रातराणी, भिंतीवरच्या त्या कागदावर नेमकं काय लिहायचं?

रातराणी
एकाच पानावर, मोठ्या अक्षरात: औषधाचं नाव, वेळ, कुटायचं की नाही. नळीची खूण किती सेंटिमीटरवर. कॅथेटर कधी बदलला. ऑक्सिजन किती लिटर. शेवटचं शौच कधी. कोणत्या लक्षणाला कुणाला फोन, १०८ कधी. उपशामक केंद्राचा नोंदणी क्रमांक. खाली अटेंडंट न आल्यास बोलवायच्या दोन माणसांची नावं. या पानाचा फोटो तिच्या नवऱ्याच्या आणि शेजारच्या काकूंच्या फोनमध्ये. औषध बदललं की पान नवीन लिहा, खाडाखोड करू नका.